“तूच निवडलंस ना?”

“मॅडम, आमच्या वाटा वेगळ्या झाल्या. आता मैत्री ओढूनताणून टिकवण्यात अर्थ आहे का?” पस्तिशी-चाळिशीतल्या बायका मला हे सारखं विचारतात. त्यांतल्या एकीची गोष्ट तिच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा बदलून सांगते.

ती नेरुळची. मुलगा झाल्यावर तिने बँकेतली नोकरी सोडली, ठरवून. मैत्रीण ठाण्यात, घोडबंदर रोडला, एकटी राहते. लग्न नको हे तिचंही ठरवूनच. अकरावीपासून दोघी एका बाकावरच्या. ठाणे-नेरुळ थेट लोकल साधारण अर्ध्या तासाची, तरी तीन वर्षं भेट नाही. शेवटच्या फोनवर ही म्हणाली, “कंबर मोडलीय गं.” मैत्रीण म्हणाली, “तुझं बरंय, दुपारी आडवं तरी होता येतं.” त्यानंतर फोनही नाही.

माणूस स्वतःला जोखतो ते बहुतेक आपल्यासारख्याच माणसांशी ताडून, असं लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलं. शेजारणीच्या पगाराचं हिला काही वाटत नव्हतं. एका बाकावरून उठून दुसरीकडे गेलेली मैत्रीण मात्र डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

पण खरी गाठ तुलनेत नव्हती, असं मला वाटलं. मी तिला मोबाइलवरचं दोघींचं बोलणं मागे जाऊन वाचायला सांगितलं. वाढदिवस, दिवाळी, मुलाचा फोटो, तिकडून ऑफिसच्या सहलीचा फोटो. रडगाणं एकही नाही.

“दुपारी घर खायला उठतं, हे तिला का नाही सांगितलंत?”

“ती म्हणेल, तूच निवडलंस ना?”

हे वाक्य मी दोन्ही बाजूंनी ऐकलं आहे. एकटी राहणारीला तापात पाणी द्यायला कुणी नसतं. तीही गप्प बसते, याच भीतीने. हौसेने घेतलेली साडीसुद्धा कधी टोचते, म्हणून काही ती घेणं चुकलेलं नसतं. पण हे बायका स्वतःला सांगत नाहीत, आणि मैत्रिणीपुढे सुखाचाच चेहरा ठेवतात. त्याचंच मला फार वाईट वाटतं.

मी एवढंच सुचवलं: लपवलेल्यातलं एक वाक्य पाठवा. सल्ला मागू नका, त्या फोनचा जाबही नको. तिने दहा दिवस घेतले. मग लिहिलं, “दुपारी फार एकटं वाटतं. तुला सांगायची लाज वाटत होती.”

चार दिवस उत्तर नाही. तिला ते जड गेले, मलाही. काही मैत्रिणी उत्तर देतच नाहीत. तेव्हा ती मैत्री गेल्याचं दुःख करायलाही वेळ द्यावा लागतो.

पाचव्या रात्री अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला. सुरुवातीला नुसतं भांडण: ‘तुला लहान मुलांत कंटाळा येईल’ म्हणून हिने तिला मुलाच्या वाढदिवसाला बोलावलंच नव्हतं. ते हिने मला तोवर सांगितलं नव्हतं. पुढचं काय होतं ते ती बोलली नाही, मीही विचारलं नाही.

आमची पुढची वेळ शनिवारी सकाळची होती. ती तिने बदलून घेतली. मुलाला नवऱ्याकडे सोपवून तिला ठाण्याला, तलावपाळीला जायचं होतं.