टीव्ही घ्यायला जाताना पेन्सिल घेऊन जा

प्रश्न असा आहे: 'ऐरोलीला राहतो. दिवाळीत ४३ इंची एलईडी टीव्ही घेतला. अर्धा तास पाहिला की डोळे जड होतात, कपाळ ठणकतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंबर बरोबर आहे म्हणून सांगितलं. कोणीतरी म्हणालं, बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, लुकलुकत असेल. न लुकलुकणारा टीव्ही कोणत्या कंपनीचा घ्यावा?'

कंपनीचं नाव मी सांगणार नाही, ते आधीच सांगून टाकते. लपवायचं म्हणून नव्हे. एकाच कंपनीचा एक टीव्ही डोळ्यांना लोण्यासारखा असतो आणि शेजारचाच दुसरा छळतो. पुष्कळदा एकाच मॉडेलच्या ४३ आणि ५५ इंचांत आतलं पॅनेल वेगळं असतं. आरटिंग्जसारख्या परदेशी साइटवर टीव्ही मोजून लुकलुकण्याचे आकडे दिलेले असतात, ते जरूर वाचा, पण तिकडचं मॉडेल आणि आपल्याकडचं मॉडेल नावाला सारखं असलं तरी आतून सारखं असेलच असं नाही. म्हणून ओळखायचं कसं तेवढं सांगते.

मी ठाण्याला नौपाड्यात राहते, मुद्रितशोधनाची कामं करते. म्हणजे दिवसभर डोळेच राबवते, वर अर्धशिशी कॉलेजपासूनची. आमचा जुना एलसीडी गेला आणि नवा एलईडी आला, तेव्हा सासूबाईंच्या मालिकेची दुसरी जाहिरात लागेपर्यंत माझी डावी कानशील उडायला लागायची. मग मी तेच केलं जे कोणीही करेल. प्रकाश डोळ्यांवर येतोय असं समजून ब्राइटनेस ५० वरून २० वर आणली. त्रास वाढला. आणखी कमी केली, आणखी वाढला. दुकानदाराकडे तक्रार केली, त्यानं माणूस पाठवला, त्यानं पाच मिनिटं चॅनेल फिरवले आणि 'मॅडम, पीस ओके आहे' असं लिहून माझी सही घेऊन गेला. त्याच्या लेखी खरंच ओके होता. बिघाड काहीच नव्हता, टीव्ही बनवलाच तसा होता.

उलगडा झाला तो भाच्यामुळे. त्यानं आपल्या रांगत्या लेकीचा मोबाइलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढला. पोरगी हळूहळू पुढे येतेय आणि तिच्या मागे आमचा टीव्ही मरायला टेकलेल्या ट्यूबसारखा लपकझपक करतोय. सगळे पोरीकडे बघत होते, मी टीव्हीकडे.

आता होतं काय ते. एलईडी टीव्हीत चित्र दाखवतो तो एलसीडीचा पडदा, आणि त्याच्या मागे एलईडी दिवे असतात. त्या दिव्यांचा उजेड कमी करायचे मार्ग दोन. एक, वीज कमी सोडायची, ही डीसी पद्धत. दुसरा, वीज तेवढीच ठेवून दिवा झपाट्यानं चालू-बंद करायचा. नळ थोडा सोडून बादली भरणं आणि नळ पूर्ण सोडून, बंद करून, पुन्हा सोडून भरणं, यात जो फरक आहे तोच. दुसऱ्या पद्धतीला पीडब्ल्यूएम म्हणतात. कंपन्यांना ती सोयीची पडते, कारण वीज कमी केली की एलईडीचा रंग थोडा सरकतो आणि अगदी मंद उजेड सगळ्या दिव्यांवर सारखा राखणं अवघड जातं.

समजा दिवा सेकंदाला २४० वेळा उघडझाप करतोय. एक फेरी साधारण ४ मिलिसेकंदांची. उजेड निम्मा ठेवला तर २ मिलिसेकंद उजेड, २ मिलिसेकंद काळोख. तोच २० टक्क्यांवर आणला की उजेड १ मिलिसेकंदाहूनही कमी आणि काळोख ३ च्या वर. म्हणजे मी डोळ्यांना जपायला म्हणून बटण दाबत होते आणि प्रत्येक दाबाला काळोखाचा वाटा वाढवत होते. आणि पूर्ण १०० वर ठेवला, तर बऱ्याच टीव्हींत दिवा विझतच नाही.

जुन्या एलसीडीत हा त्रास का नव्हता? त्यात मागे बारीक ट्यूब असायच्या. त्यांच्या आतला लेप वीज गेल्यावरही क्षणभर उजेड धरून ठेवतो, त्यामुळे झटका बोथट व्हायचा. एलईडी मात्र तिथल्या तिथे विझतो.

'सेकंदाला २४० वेळा डोळ्याला दिसतं का?' हे मला नवऱ्यानंही ऐकवलं होतं. टक लावून बघितलं तर नाही दिसत. पण डोळा टक लावून कुठे बसतो? बातम्यांच्या चॅनेलवर खाली पट्टी सरकते, वर ब्रेकिंगचा चौकोन, बाजूला चार चेहरे. नजर उड्या मारत राहते, आणि उडी मारताना तोच उजेड डोळ्याच्या पडद्यावर एका रेषेऐवजी सुट्या ठिपक्यांसारखा पडतो. न दिसणारी लुकलुक त्रास देते हे काही आजकालचं खूळ नाही. १९८९ साली आर्नल्ड विल्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये एका कचेरीतल्या ट्यूबलाइटवर अभ्यास केला होता. तिथली वीज आपल्यासारखीच ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्यांची; एका फेरीत ट्यूब दोनदा मंदावते, म्हणून साध्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होणारी. तिच्या जागी अतिजलद इलेक्ट्रॉनिक चोकवरच्या ट्यूब लावल्यावर डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. आपल्याकडे त्या जुन्या चोकच्या ट्यूबखाली फिरता पंखा उलटा, सावकाश फिरतोय असं वाटायचं, आठवतंय? तीच ती लुकलुक.

एलईडी दिव्यांसाठी आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेनं २०१५ मध्ये शिफारशी केल्या. १०० हर्ट्झला उजेडातला चढउतार ८ टक्क्यांच्या आत असला तर धोका कमी, २४० ला साधारण १९ टक्क्यांच्या आत, आणि १२५० हर्ट्झच्या पुढे मग फार काळजी नको. पीडब्ल्यूएमवाल्या टीव्हीत उजेड कमी केला की चढउतार बहुतेकदा थेट १०० टक्के असतो, कारण दिवा पूर्णच विझतो. शिफारशी दिव्यांसाठी आहेत, टीव्हीसाठी नव्हेत, पण अंदाज येतो. म्हणून डीसी पद्धतीचा मिळाला तर उत्तम, नाहीतर हर्ट्झचा आकडा जितका मोठा तितका बरा.

आता दुकान. गोखले रोडला एका मंगळवारी दुपारी तीनला गेले. वेळ मुद्दाम सांगतेय, रविवारी संध्याकाळी कोणी तुम्हाला रिमोट हातात देणार नाही. दुकानात सगळे टीव्ही डेमो मोडवर, ब्राइटनेस टोकाला, पडद्यावर पोपट आणि फळं. अशा वेळी लुकलुकणारा टीव्हीही शहाण्यासारखा वागतो, कारण शंभरावर तो विझतच नसतो! आपण घरी आणतो, रात्री दिवे घालवून उजेड कमी करतो, आणि मग त्याचे खरे गुण दिसतात. तिथल्या मुलाला म्हटलं, हा होम मोडवर घे, सिनेमा मोड लाव आणि बॅकलाइट तिसावर आण. काही कंपन्यांत बॅकलाइटलाच ब्राइटनेस म्हणतात, काहींत ब्राइटनेस म्हणजे नुसती काळ्या रंगाची पातळी. पडदाभर उजेड खरोखर कमी झाला की समजायचं बटण बरोबर आहे.

मग मी पर्समधली पेन्सिल काढली. पडद्यावर पांढरं काहीतरी आणायचं, सेटिंग्जचं पान किंवा यूट्यूबवरची कोरी पांढरी पाटी, आणि पेन्सिल टोकाशी धरून पडद्यासमोर पंख्यासारखी जोरात हलवायची. लुकलुक नसेल तर धुरकट, सलग पट्टा दिसतो. असेल तर एकाच्या दहा पेन्सिली दिसतात, कंगव्याच्या दातांसारख्या सुट्या. पहिल्याच टीव्हीवर कंगवा निघाला. तो मुलगा आधी 'मॅडम, काय करताय?' म्हणत होता. मग त्यानं माझ्या हातून पेन्सिल घेतली, हलवली आणि म्हणाला, 'काकू, हे तर मी कधी बघितलंच नाही.' पुढचे पाच टीव्ही त्यानंच तपासले.

दुसरी परीक्षा मोबाइलची, ती जास्त पक्की. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर १/२००० च्या आसपास ठेवा आणि फ्रेममध्ये फक्त पडदा येऊ द्या, नाहीतर दुकानातल्या दिव्यांचीच लुकलुक टिपाल. काळ्याकुट्ट, रुंद पट्ट्या दिसल्या तर तो टीव्ही सोडून द्या. पट्ट्या असल्या पण बारीक आणि दाट, तर वेग जास्त आहे, बहुतेकांना चालतो. काहीच नाही, सपाट उजेड, तर तोच हवा. प्रो मोड नसेल तर स्लो मोशन चालेल, फक्त २४० फ्रेमचा स्लो मोशन वेगवान लुकलुक हुकवतो. म्हणून तिथे काही दिसलं नाही म्हणून लगेच पैसे मोजू नका.

सहापैकी दोन पास झाले. एक महागडा आधी नापास झाला होता, पण त्यात हलतं चित्र स्पष्ट दिसावं म्हणून मध्ये मध्ये काळी फ्रेम घालणारा पर्याय चालू निघाला. नाव प्रत्येक कंपनीचं वेगळं, क्लिअर मोशन, मोशन प्रो असं काहीतरी. तो बंद केल्यावर बराच शांत झाला. तुमच्याही टीव्हीत आधी हेच बघा.

ओएलईडीचं बरेच जण विचारतात. त्यात मागे दिवा नसतोच, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. चित्र ताजं होताना उजेड क्षणभर किंचित खचतो, पण पूर्ण विझत नाही, त्यामुळे बहुतेकांना तो सोसतो. मोबाइलच्या ओएलईडीनं डोकं दुखतं म्हणून टीव्हीचाही दुखेल असं धरू नका. मोबाइलमध्ये मंद उजेडाला पुष्कळदा पीडब्ल्यूएमच असतो. ओएलईडीची खरी अडचण किमतीची. आमच्या बजेटात बसला नाही, विषय संपला. लहान खोली असेल तर फ्लिकर फ्री, म्हणजे न लुकलुकणारा, असं लिहिलेला ३२ इंची कॉम्प्युटर मॉनिटर आणि त्याला एक स्ट्रीमिंग स्टिक, हाही मार्ग आहे. मॉनिटरमध्ये डीसी पद्धत सहज मिळते. टीव्हीच्या खोक्यावरच्या 'आय केअर' लेबलला मात्र भुलू नका. ते बरेचदा फक्त निळ्या प्रकाशाबद्दल असतं, लुकलुकीचा त्यात उल्लेखही नसतो.

आणि हो, परत करण्याच्या भरवशावर ऑनलाइन मागवू नका. टीव्हीत बहुतेकदा बदलून देतात, तेही बिघाड निघाला तर. 'डोकं दुखतं' हा बिघाड नसतो. माझा तो पहिला टीव्ही मी वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला अर्ध्या किमतीत दिला. त्यांच्याकडे तो रोज सहा तास चालतो, कोणाचंही काही दुखत नाही. माणसामाणसात एवढा फरक असतो, त्यामुळे 'मला तर काही होत नाही' असं सांगणाऱ्यांचं खरं माना, पण तुमच्यासाठी त्याचा उपयोग नाही.

लगेच नवा घेण्याआधी मात्र आहे त्यावरच एक प्रयोग करा. पॉवर सेव्हिंग बंद, खोलीच्या उजेडाप्रमाणे प्रकाश आपोआप बदलणारा सेन्सर बंद, काळ्या फ्रेमचा पर्याय बंद, बॅकलाइट थेट १००. डोळे दिपतील. मग कॉन्ट्रास्ट खाली आणा, ४०-५० पर्यंत, आणि टीव्हीच्या मागच्या भिंतीवर पिवळसर दिवा लावा. दिवा चांगला घ्या, स्वस्तातले एलईडी बल्ब स्वतःच १०० हर्ट्झनं लुकलुकतात, पेन्सिल त्यांच्यासमोरही हलवून बघा. चित्र थोडं फिकं पडेल. सासूबाई म्हणाल्या, रंग उतरल्यासारखे वाटतात. मी म्हटलं, माझा चेहरा तरी उतरत नाही.

एवढं करूनही डोकं धरत असेल तर टीव्ही किती उंच टांगलाय ते बघा. बसवायला येणारी मुलं त्यांच्या खांद्याच्या उंचीला ब्रॅकेट ठोकून जातात. तुमचा चष्मा प्रोग्रेसिव्ह असेल तर लांबचा नंबर काचेच्या वरच्या भागात असतो, खालून जवळचा. लोडाला टेकून, मान मागे टाकून वर बघितलं की नजर नेमकी खालच्या भागातून जाते. माझ्या नवऱ्याची 'टीव्हीची डोकेदुखी' स्क्रीन फूटभर खाली घेतल्यावर गेली, लुकलुकीचा काही संबंध नव्हता.

प्रयोग चार दिवस करा. आराम पडला तर टीव्ही बदलूच नका. नाही पडला आणि पेन्सिलीचा कंगवा शंभरावरही दिसला, तर एखाद्या कामाच्या दिवशी दुपारी ऐरोलीहून ठाणे गाडी पकडा. गोखले रोड स्टेशनपासून चालत आहे. मोबाइल चार्ज करून न्या, आणि तो मुलगा भेटला तर त्याच्याकडे आता स्वतःची पेन्सिल असेल.