प्रिस्क्रिप्शनची मुदत संपत आली असताना कॉन्टॅक्ट लेन्सचे किती बॉक्स द्यावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही लेन्सच्या काउंटरवर नव्याने काम करताय. मंथली लेन्स वापरणाऱ्या एका पेशंटचं प्रिस्क्रिप्शन ७० दिवसांनी संपतंय आणि तो म्हणतोय, 'एकदाच वर्षभराच्या द्या, सारखं यायला नको.' प्रिस्क्रिप्शन अजून चालू आहे, मग द्यायला हरकत काय? आणि हरकत असेल तर आकडा काढायचा कसा?

वर्षभराच्या देऊ नका. मुदतीपर्यंत पुरतील तेवढ्या आणि वर थोड्या जादा, एवढंच द्या. मंथलीच्या हिशोबाने ७० दिवसांना एका डोळ्यासाठी ३ लेन्स लागतात. पण त्याहून सोपी वाट आहे: त्याला आजच तपासणीला बसवा. मुदत संपायची वाट पाहायलाच हवी असं काही नाही. डोळा आज तपासला आणि ठीक निघाला, तर नवीन प्रिस्क्रिप्शन आजपासून सुरू होतं आणि मग वर्षभराच्या लेन्स बिनधास्त देता येतात. त्यालाही तेच हवं आहे. बहुतेक पेशंट हे ऐकून तयार होतात, कारण त्यांना कोणी तसं सुचवलेलंच नसतं.

'माझा नंबर तर तोच आहे' हे वाक्य तुम्हाला रोज ऐकायला मिळेल, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. पण लेन्सच्या प्रिस्क्रिप्शनची मुदत नंबरापेक्षा कॉर्नियासाठी (डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, ज्यावर लेन्स बसते) जास्त असते. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात. डोळा उघडा असताना त्याला प्राणवायू मिळतो तो मुख्यतः हवेतून, अश्रूंत विरघळून. मध्ये लेन्स आली की हा पुरवठा लेन्सच्या मटेरियलवर, जाडीवर आणि ती किती तास डोळ्यात राहते त्यावर ठरतो. तो दीर्घकाळ कमी पडला की बुबुळाच्या कडेने बारीक रक्तवाहिन्या आत सरकायला लागतात. वरची पापणी उलटली तर आतल्या बाजूला दाणे दिसू शकतात. फ्लुरेसिन हा रंग डोळ्यात घालून स्लिट लॅम्पच्या (डोळा मोठा करून पाहायच्या सूक्ष्मदर्शकाच्या) निळ्या प्रकाशात पाहिलं की जिथे वरचा थर खरवडला गेलाय तिथे हिरवे ठिपके चमकतात. आरशात यातलं काही दिसत नाही, आणि वर्षानुवर्षं लेन्स घालणाऱ्यांच्या कॉर्नियाची संवेदना कमी झालेली असते, त्यामुळे खुपतही नाही. 'मला काहीच त्रास नाही' याचा अर्थ डोळा ठीक आहे असा धरता येत नाही, तो त्यामुळेच.

आता तुमच्या पेशंटचं पाहा. त्याला आज वर्षाचा साठा दिला तर मुदत संपल्यावर जवळजवळ दहा महिने तो घरच्या बॉक्समधल्या लेन्स घालत राहील. मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवशी वर्षाच्या विकल्या, तर तो डोळा दोन वर्षं कोणी पाहिलेलाच नसेल. कागदावर चूक काही नाही, पण मुदतीला अर्थच उरला नाही.

हिशोब असा करा. कार्डावर दोन तारखा शेजारी शेजारी लिहा: प्रिस्क्रिप्शन संपण्याची तारीख आणि आज दिलेला साठा संपण्याची तारीख. दुसरी तारीख पहिलीच्या पुढे गेलीच तर फार तर महिनाभर जावी, असं माझं मत आहे. बॉक्स फोडून देता येत नाहीत, लेन्स फाटतात, हातातून निसटून बेसिनमध्ये जातात, त्यासाठी एवढी ढील पुरते. मंथलीचे बॉक्स ३ किंवा ६ लेन्सचे असतात. तुमच्या पेशंटला ३ चा बॉक्स मिळत असेल तर तो नेमका बसतो. फक्त ६ चाच मिळत असेल तर आधी तपासणीची तारीख पक्की करा, मग बॉक्स द्या.

पंधरवड्याच्या लेन्स ६ च्या बॉक्समध्ये येतात, म्हणजे एक बॉक्स १२ आठवडे. वर्षाला एका डोळ्यासाठी २६ लागतात. ४ बॉक्स घेतले तर चार आठवडे कमी पडतात आणि नेमक्या त्या चार आठवड्यांत पेशंट शेवटची जोडी ओढत राहतो. डेली लेन्स ३० किंवा ९० च्या बॉक्समध्ये. रोज घालणाऱ्याला एका डोळ्यासाठी ९० चे ४ बॉक्स म्हणजे ३६० दिवस. पण डेलीवाल्याला 'आठवड्यात किती दिवस घालता?' हे विचारल्याशिवाय बॉक्स काढूच नका. पाच दिवस घालणाऱ्याला ७० दिवसांत एका डोळ्यासाठी ५० लेन्स लागतील, म्हणजे ३० चे २ बॉक्स. तीनच दिवस घालणाऱ्याला ९० चा एक बॉक्स ३० आठवडे पुरतो. त्याला रोजच्या हिशोबाने ४ बॉक्स दिले तर तो साठा दोन वर्षांहून जास्त चालेल. अशा वेळी बॉक्सवरची तारीखही पाहावी लागते. क्वचित खपणाऱ्या टोरिक (सिलिंडरचा नंबर, म्हणजे अ‍ॅस्टिग्मॅटिझम, सुधारणाऱ्या) पॉवरचे बॉक्स शेल्फवर पडून राहतात, आणि चार महिन्यांत एक्स्पायर होणारा ९० चा बॉक्स ३० आठवडे वापरणाऱ्याला देऊन उपयोग नाही.

इथे तीन वेगवेगळ्या मुदतींचा गोंधळ होतो, तो पेशंटसमोरच सोडवा. बॉक्सवरची तारीख सांगते की न फोडलेल्या ब्लिस्टरमधली (एकेका लेन्सच्या सीलबंद पाकिटातली) लेन्स तोवर निर्जंतुक आहे. प्रिस्क्रिप्शनची तारीख सांगते की त्या डोळ्याला ती लेन्स घालायची परवानगी तोवर आहे. तिसरी मुदत ब्लिस्टर फोडल्या क्षणी सुरू होते: मंथली लेन्स फोडल्यापासून एका महिन्याने टाकायची, मध्ये ती दहाच दिवस घातली असली तरी. '३० वेळा घालायची' असं समजणारे खूप आहेत. 'बॉक्सवर अजून तीन वर्षं आहेत की!' म्हणणाऱ्या पेशंटच्या डोक्यात पहिली आणि दुसरी मुदत एक झालेली असते.

काउंटरवरचा सगळ्यात उपयोगी प्रश्न मात्र वेगळाच आहे: 'घरी शिल्लक किती?' समजा, पेशंटने आठ महिन्यांपूर्वी दोन्ही डोळ्यांसाठी ६-६ मंथली लेन्स नेल्या होत्या आणि तो सांगतोय की प्रत्येकी २ उरल्यात. म्हणजे आठ महिन्यांत ४ जोड्या, प्रत्येक जोडी दोन महिने. त्याला ओरडू नका, पण ही गोष्ट कार्डावर लिहून तपासणाऱ्यापर्यंत पोचवा. 'वेळेवर बदलता ना?' या प्रश्नाला सगळे हो म्हणतात. शिल्लक लेन्सचा आकडा खरं सांगतो. एका डोळ्याच्या जास्त आणि दुसऱ्याच्या कमी उरल्या असतील तर तेही विचारा. लेन्स फाटतेय का, की एक डोळा नीट दिसत नाही म्हणून ती घालायचं टाळलं जातंय?

याच कारणासाठी फार कमी देणंही चूक आहे, आणि यावर माझं ठाम मत आहे. काही जण पेशंटने परत यावं म्हणून दर वेळी एकेकच बॉक्स देतात. त्याने तपासणी वाढेलच असं नाही, लेन्स ओढून वापरणं मात्र वाढतं, कारण शेवटची जोडी संपली आणि दुकानात जायला वेळ नाही की माणूस जुनीच घालतो. डोळा तपासला त्याच दिवशी, लेन्स पक्की बसलेली आणि पेशंट जुना असेल, तर वर्षाचा पूर्ण साठा देणं मला योग्य वाटतं. पुढे वर्षाच्या मध्ये आला तर उरलेल्या महिन्यांपुरता.

काही पेशंटना तपासणीच्या दिवशीही वर्षाचा साठा देऊ नये. पहिल्यांदा लेन्स घेणाऱ्याला आधी ट्रायल, मग आठवड्याभराने तपासणी, मग तीन महिन्यांपुरत्या. वाढत्या वयाच्या मुलांचा मायनस नंबर वर्षात बदलू शकतो, त्यांना तीन ते सहा महिन्यांच्या. नवीन मल्टिफोकलवाल्यांना जवळचं-लांबचं नीट जमेपर्यंत थांबवा. शुगर वरखाली होत असलेल्या मधुमेही पेशंटचा नंबरही वरखाली होतो. नवीन टोरिकमध्ये लेन्स फिरत नाही ना, हे नक्की झाल्याशिवाय साठा नको: ती १० अंश फिरली तरी सिलिंडरचा सुमारे तिसरा हिस्सा न सुटता राहतो.

एक पळवाट रोज समोर येते: पेशंट चष्म्याची ताजी चिठ्ठी दाखवतो आणि म्हणतो, यावरून लेन्स द्या. ती चालत नाही. तिच्यावर बेस कर्व्ह (लेन्सच्या आतल्या बाजूची वक्रता) नाही, डायमीटर (लेन्सचा व्यास) नाही, लेन्सचं नाव नाही, आणि मोठ्या नंबराला पॉवरही बदलते. डोळ्यापासून १२ मिलिमीटरवर असलेला −६.०० चा चष्मा लेन्समध्ये साधारण −५.५० होतो. शिवाय चष्म्याचा नंबर काढताना पापणी उलटून पाहिलेली असेलच असं नाही.

मुदत किती असावी, हे देशागणिक वेगळं आहे. तुमच्याकडचा नियम पाहून घ्या. अमेरिकेत २००४ पासून लागू असलेल्या नियमानुसार ती किमान एक वर्ष असते, आणि कमी ठेवायची तर वैद्यकीय कारण नोंदवावं लागतं. तिथे दुसरा विक्रेता प्रिस्क्रिप्शन देणाऱ्याला त्याची खात्री करायला विचारतो तेव्हा किती लेन्स मागवल्यात तोही आकडा कळवतो, आणि कामकाजाच्या आठ तासांत उत्तर गेलं नाही तर होकार धरला जातो. मुदत संपली असेल तर त्या आठ तासांतच कळवायला हवं.

पेशंटला दिलेल्या बॉक्सवर स्टिकर लावू नका, पेनने नावही लिहू नका, पिशवीवर लिहा. नंबर बदलला तर न फोडलेला कोरा बॉक्स काही पुरवठादार बदलून देतात, खरडलेला सहसा कोणी घेत नाही.

मुदत संपल्यावर मात्र एकही बॉक्स नाही. 'उद्या प्रवास आहे' म्हणाला तर आजच डोळा पाहता येतो का ते बघा. नाही जमलं तर चष्मा. म्हणूनच लेन्स वापरणाऱ्या प्रत्येकाकडे चालू नंबरचा चष्मा आहे ना, हे विकतानाच विचारा. चष्मा नसलेला माणूस लाल डोळ्यातही लेन्स घालतो.

आणि लाल डोळा, दुखणं, उजेड सहन न होणं किंवा अंधूक दिसणं यातलं काहीही घेऊन कोणी आला, तर मुदत चालू असो वा नसो, लेन्स विकायचीच नाही. डोळ्यातली काढायला लावा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवा. काढलेली लेन्स आणि तिची डबी फेकू नका, धुऊही नका, सोबत न्यायला सांगा. जंतू कोणता आहे हे शोधताना लॅबला तीही लागते.