शिवणीतली माया

"मावशी, मी अडतीस वर्षांची, नोकरी करणारी. ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर एका नावाजलेल्या डिझायनर बुटिकमध्ये गेले होते. एक गर्द हिरवा ड्रेस मनात भरला. तिथल्या मुलीने मला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाली, 'यात तुमची साइज येत नाही. सगळ्यात मोठा हाच आहे.' मैत्रिणीसमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं. ट्रायल रूममध्ये चेन कमरेपाशी अडकली. तरी बाहेर येऊन 'छान बसला' म्हणाले आणि विकत घेतला. किंमत जवळजवळ अर्ध्या पगाराएवढी. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. तीन आठवडे ड्रेस टॅगसकट कपाटात मागे लटकतोय. दोन महिन्यांनी ऑफिसचा समारंभ आहे, तोवर बारीक व्हायचं म्हणून रात्रीचं जेवण सोडलंय. मैत्रीण पुन्हा तिथेच चल म्हणते. काय करू?"

बाळा, आधी आज रात्री पोटभर जेव. मग पुढचं वाच.

तुझं पत्र वाचताना ती ट्रायल रूम डोळ्यांसमोर आली. चेन अर्ध्यावर अडकलेली, पडद्याबाहेर दोघी वाट बघतायत आणि आत तू श्वास रोखून उभी. त्या क्षणी तू पैसे मोजलेस ते तिथून मान वर करून बाहेर पडता यावं म्हणून. कपाट उघडलं की ड्रेसऐवजी तो प्रसंगच दिसत असणार, म्हणून तर तो मागे ढकललेला आहे. यात तुझा मूर्खपणा कुठेही नाही. चारचौघांत शरमिंदं झालेलं माणूस सुटकेसाठी काहीही कबूल करतं.

"तुमची साइज येत नाही" हे वाक्य मात्र मला उसवून बघायचं आहे. डिझायनर कपड्याचा पॅटर्न सहसा एका मॉडेलच्या मापावर बेततात आणि तोच ठरावीक फरकाने लहानमोठा करून बाकीच्या साइज काढतात. कुठल्या आकड्यावर थांबायचं हे दुकान ठरवतं. त्या मुलीने खरं तर "आम्ही याच्यापुढची शिवली नाही" असं म्हणायला हवं होतं. शब्द थोडेसेच बदलतात, पण कमीपणा कोणाकडे जातो ते बघ.

आणि हे आकडे आले कुठून? अमेरिकेत १९३९-४० साली सरकारच्या शेती खात्याने सुमारे १५ हजार बायकांची मापं घेतली. हिशेबात धरली ती फक्त गोऱ्या बायकांची. पुढे त्या मापांच्या आधाराने १९५८ साली तिथे कपड्यांच्या साइजचं प्रमाण ठरलं आणि १९८३ साली ते काढूनही टाकलं. आज जो तो ब्रँड आपापला तक्ता वापरतो. एका ब्रँडचा कपडा जिला सैल होतो, तीच बाई दुसऱ्या ब्रँडच्या त्याच आकड्यात अडकते, आणि घरी येऊन स्वतःलाच दोष देते. याचा मला मनापासून राग येतो.

डिझायनरच्या नावाचंच म्हणशील, तर पॅरिसमध्ये १८५८ साली दुकान थाटणारा ड्रेस डिझायनर चार्ल्स फ्रेडरिक वर्थ हा कपड्यात आपल्या नावाची पट्टी शिवणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी एक. पण त्याच्याकडे कपडा गिऱ्हाइकाच्या अंगावर बेतूनच पुरा होत असे. डिझायनरच्या नावामागे तेव्हा ते मापही होतं.

आता तुझ्या हिरव्या ड्रेसकडे येऊ. पहिला रस्ता परत करण्याचा. टॅग लावलेला आहे, वापरलेला नाही. बिल शोध, मागे बदलण्याचा किंवा परत घेण्याचा नियम छापलेला असेल तर वाच आणि उद्याच दुकानात फोन कर. तीन आठवडे झालेत, मुदत उलटली असेल तरी विचार. "ड्रेस मला बसत नाही, परत करायचा आहे," एवढंच बोल. वजनाबद्दल, खर्चाबद्दल एक शब्दही सांगायची गरज नाही.

परत घेतला नाही, किंवा ड्रेस खरोखरच आवडता असेल, तर तो उलटा कर आणि दोन्ही बाजूंच्या शिवणी उजेडात धर. टिपेच्या पलीकडे जे जास्तीचं कापड आत सोडलेलं असतं त्याला शिवणकामात माया म्हणतात. माझी आई घरी कपडे शिवायची. मी वाढत्या अंगाची होते तेव्हा ती माझा फ्रॉक मांडीवर घेऊन ब्लेडच्या टोकाने एकेक टाका उसवायची, आणि शिवण उघडली की आतून कापडाची एक गडद पट्टी बाहेर यायची. बाकी फ्रॉक धुऊन धुऊन विटलेला आणि ती पट्टी पहिल्या दिवसासारखी. त्या वयात मी कधीच "माझं अंग वाढलं" म्हणून रडले नाही. फ्रॉक सोडायचा असतो, एवढंच मला ठाऊक होतं.

तुझ्या ड्रेसमध्ये माया किती आहे ते टेपने मोज. दोन शिवणींच्या मिळून चार कडा होतात. प्रत्येक कडेतून अर्धा इंच सुटला तरी कमरेत दोन इंच मिळतात, आणि अडकलेल्या चेनला एवढं बहुधा पुरतं. घाईघाईत शिवलेल्या कपड्यात मात्र कडेलगत ओव्हरलॉक मारून जेमतेम सेंटिमीटरभर कापड ठेवतात. तसं असेल तर बगलेपासून कमरेखालपर्यंत त्याच रंगाच्या कापडाची कळी, म्हणजे उभी जोडपट्टी, घालता येते. कापड साटीनसारखं नाजूक असेल तर जुन्या टिपेची भोकं दिसतात, म्हणून आधी आतल्या बाजूला दोन इंचभर उसवून बघायला सांग. हे सगळं हात बसलेल्या शिंप्याकडेच दे. आणि इतक्या किमतीच्या कपड्यात माया नसेलच, तर त्या किमतीत शिलाईचा वाटा किती होता तेही तुला कळेल.

नवऱ्याला आज-उद्यात सांग. ड्रेस अंगावर धरून दाखव आणि दुकानात काय घडलं तेही सांग. नुसती किंमत सांगितलीस तर त्याच्यापर्यंत फक्त आकडा पोचेल. तो चिडेल, कदाचित थोडा जास्तच. पण तीन आठवडे हे तू एकटीने वाहिलंयस, ते ओझं ड्रेसच्या किमतीपेक्षा जड आहे.

मैत्रिणीला सरळ सांग, "मला तिथे बरं वाटलं नाही." ती चांगली असेल तर कारण विचारेल. तिला कदाचित काही जाणवलंही नसेल, कारण तू हसत बाहेर आली होतीस. बुटिकमध्ये पुन्हा जायला माझी हरकत नाही. चांगला कट, चांगलं अस्तर, हाताने घातलेली दुमड यांची हौस असणं ही सुंदर गोष्ट आहे, ती अशी मारू नकोस. फक्त जाताना छाती, कंबर आणि नितंबांचं माप कागदावर लिहून ने आणि आत शिरताच विचार, "यात कमरेला माप किती आहे?" ट्रायल रूममध्ये खाली बस, हात वर कर, दीर्घ श्वास घे. मनात थोडीही शंका असेल तर "विचार करून येते" म्हणून बाहेर पड. दुकानातल्या लोकांना हे वाक्य रोज ऐकायची सवय असते.

आणि ती माया किती इंच निघाली, ते मला कळव.