एक्स-रे रिपोर्टमध्ये ‘राइट लोअर लोब न्यूमोनिया’ लिहिलंय, म्हणजे नक्की काय?

लोब म्हणजे फुफ्फुसाचा खंड. उजव्या फुफ्फुसाला ३ असतात आणि डाव्याला २च, कारण डावीकडे हृदयाला जागा द्यावी लागते. तुमच्या बाबांच्या उजव्या फुफ्फुसाच्या सगळ्यात खालच्या खंडात इन्फेक्शन झालंय, तिथल्या हवेच्या बारीक पिशव्यांमध्ये पू आणि पाणी भरलंय म्हणून एक्स-रेत तेवढा भाग पांढरा दिसतो. माझ्या आईचा एक्स-रे मी खिडकीच्या उजेडात धरून बघितला होता, बाकी सगळं काळं आणि खाली उजवीकडे कापूस ठेवल्यासारखं, पोटात गोळाच आला होता.

उजवीकडची श्वासनलिका जास्त रुंद आणि सरळ खाली जाणारी असते, त्यामुळे ठसका लागून अन्न चुकीच्या नळीत गेलं तर बहुतेक वेळा उजवीकडेच जातं, लहान मुलांचा शेंगदाणा पण तिथेच अडकतो. म्हणून बाबांना झोपवून भरवू नका हो, नीट बसवूनच द्या. टीबी मात्र बऱ्याचदा वरच्या खंडात दिसतो.

अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करा. ताप गेला तरी एक्स-रेतला डाग जायला ६ आठवडे किंवा जास्तही लागतात, तेव्हा लगेच घाबरू नका, पण धाप वाढली, ओठ निळसर दिसले किंवा ते बरळायला लागले तर रात्र असली तरी थेट हॉस्पिटल गाठा.