घरच्या वाइनची स्पर्धा आणि निकाल

प्रश्न : आम्ही द्राक्ष-डाळिंबाचे बागायतदार मित्र हौसेने वाइन करून आपसांत स्पर्धा घेऊ इच्छितो. निकाल वादाविना कसा लावावा? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : आधी परवान्याचे पाहावे, कारण महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार विनापरवाना मद्यनिर्मिती हा गुन्हा असून तेथे हौसेची सबब चालत नाही. परीक्षणासाठी बाटल्या कागदात गुंडाळून त्यांना केवळ क्रमांक द्यावेत, डाळिंबाच्या वाइनचा गट वेगळा ठेवावा आणि गोड वाइन शेवटी चाखावी, अन्यथा तिच्यामागून येणारी कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, वाइन उगाच आंबट भासते. गुण चर्चेपूर्वीच लिहावेत. वाइन करणारा आपली वाइन वासावरूनही ओळखतो, म्हणून त्याने स्वतःच्या गटाचे परीक्षण करू नये. सोलापूरच्या उन्हाळ्यात तर हा घाट घालूच नये. तापलेल्या वाइनमध्ये अल्कोहोलचा दर्पच पुढे येतो.