जूनोत क्रूझ थांबते तेव्हा देवमासे बघायला कुठली बोट घ्यायची?

प्रश्न : ताई नमस्कार. मुलगा सिएटलला असतो, येत्या जुलैत तो, सूनबाई, सहा वर्षांची नात आणि आम्ही दोघं अलास्काच्या क्रूझला चाललोय. जूनोला जहाज दुपारी साडेबाराला लागतं आणि रात्री नऊला सुटतं. देवमासे बघायची बोट जहाजाकडूनच बुक करू असं मुलगा म्हणतो, सून म्हणते बाहेरून घेतली तर छोटी मिळते आणि स्वस्तही पडते. ह्यांचे गुडघे दुखतात. मला बोट लागते, अगदी अलिबागला जाताना मांडव्याच्या बोटीतसुद्धा. आणि जाहिरातीत 'देवमासा दिसण्याची गॅरंटी' असं लिहिलंय ते खरं असतं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : काकू, गॅरंटीपासूनच सुरू करते, कारण जाहिरातीत तेच सगळ्यात मोठ्या अक्षरात असतं आणि बोट निवडताना त्याचाच सगळ्यात कमी उपयोग होतो. जूनोला उन्हाळ्यात दिसतात ते मुख्यतः हंपबॅक देवमासे. थंडीत ते हवाईच्या गरम पाण्यात असतात, पिल्लं तिथेच होतात, पण खायला तिथे जवळपास काहीच मिळत नाही, म्हणून साधारण साडेचार हजार किलोमीटर पोहून अलास्काला येतात आणि मे ते सप्टेंबर नुसते खात सुटतात, हेरिंग नावाचे छोटे मासे आणि क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे बारके जीव. जिथे खाणं तिथे ते, आणि आज कुठे आहेत हे बोटवाले एकमेकांना रेडिओवर सांगत असतात. त्यामुळे जुलैमध्ये अमक्या कंपनीला देवमासा दिसला आणि तमक्या कंपनीला नाही असं सहसा होत नाही. शिवाय गॅरंटीखालची बारीक अक्षरं वाचलीत तर लांबून एक फवारा दिसला तरी 'दिसला' धरतात, आणि नाहीच दिसला तर बऱ्याच ठिकाणी सगळे पैसे नाही, ठरावीक रक्कमच परत देतात. तेव्हा ती ओळ सोडूनच द्या.

बघायचं ते हे की बोटीवर माणसं किती, टॉयलेट आहे का, आणि उभं राहायला जागा कुठे आहे. मोठ्या कॅटामरान, म्हणजे दोन सांगाडे जोडलेल्या रुंद बोटी असतात शंभर-दीडशे माणसांच्या, त्या कमी हलतात, आत खाण्याचं काउंटर, सगळं ऐसपैस, पण देवमासा डाव्या बाजूला आला की सगळी बोट डाव्या कठड्याला, आणि तुमच्या नातीला समोरच्यांच्या जॅकेटच्या पाठी दिसणार. दुसरं टोक म्हणजे सहा जणांची बोट. कोस्ट गार्डच्या नियमाने तसल्या बोटीवर सहाच्या वर प्रवासी घेता येत नाहीत, आणि तुम्ही नेमके पाच, म्हणजे सुनेच्या डोक्यात तेच असणार बहुतेक. फोटोवाल्यांना ती बोट फार भारी, पण टॉयलेट एकतर नसतं नाहीतर पडद्यामागे अडचणीत कुठेतरी असतं, बसायला अरुंद, आणि वारा सुटला की तीच सगळ्यात जास्त उडते. सहा वर्षांची मुलगी, गुडघे आणि बोट लागणं हे तिन्ही एकत्र असताना मी ती घेणार नाही.

तुम्ही मधली घ्या, वीस ते चाळीस जणांची, आत हीटर असलेली केबिन, उघडता येणाऱ्या मोठ्या खिडक्या आणि मागेपुढे डेक. विचारताना 'बोटीची क्षमता किती' असं विचारू नका हं, 'या ट्रिपला जास्तीत जास्त किती जण घेता' असं विचारा, कारण काही कंपन्या चाळीसच्या बोटीवर मुद्दाम वीसच घेतात आणि दर थोडा जास्त लावतात, ते पैसे वसूल होतात. माणशी साधारण दीडशे ते अडीचशे डॉलर धरून चाला. लहान मुलांना कमी असतो.

आता मुलगा बरोबर की सून. जहाजाकडून घेतलं तर एक फायदा नक्की, टूरला उशीर झाला तर जहाज थांबतं किंवा तुम्हाला पुढच्या पोर्टला पोचवायची सोय तेच करतात. बाहेरून घेतलं तर उशीर तुमचा तुम्ही निस्तरायचा, आणि जूनोची गंमत अशी की अलास्काची राजधानी असूनही बाहेरून तिथे यायला रस्ताच नाही, विमान नाहीतर फेरीबोट, त्यामुळे जहाज सुटलं तर टॅक्सी करून गाठू वगैरे प्रकार नाही. पण तुमच्याकडे साडेआठ तास आहेत. बोटी शहरातून सुटत नाहीत, ऑक बे नावाच्या बंदरातून सुटतात, क्रूझच्या धक्क्यापासून वीसेक किलोमीटर, कंपनीची बस तुम्हाला डोंगरावर जाणाऱ्या रोपवेच्या (तिथे त्याला ट्रामवे म्हणतात) स्टेशनजवळून उचलते, अर्धा तास जायला, दोन-अडीच तास पाण्यावर, अर्धा तास यायला. सगळं मिळून साडेतीन-चार तास. दोनच्या आधीची वेळ घेऊ नका, साडेबाराला जहाज लागलं तरी उतरायला रांग असते, आणि एजे डॉक नावाच्या लांबच्या धक्क्याला लागलं तर बसच्या ठिकाणापर्यंत यायलाच वेळ जातो. दोनची घेतलीत तर सहापर्यंत परत, जहाजावर साडेआठपर्यंत चढायचं असेल, हातात दोन-अडीच तास उरतात. म्हणून तुमच्या बाबतीत मी सुनेच्या बाजूने आहे. जहाज जर पाच-सहा तासच थांबणार असतं तर मुलाचं ऐकलं असतं. एक घड्याळाचं लक्षात ठेवा, अलास्का सिएटलच्या एक तास मागे आहे आणि फोन आपोआप बदलतो किंवा बदलत नाही, सगळ्यांनी जहाजावर जाहीर करतात तीच वेळ धरायची.

काकांच्या गुडघ्यांसाठी एक गोष्ट आहे जी टूरच्या पानावर कोणी लिहीत नाही. जूनोला भरती-ओहोटीत पंधरा-वीस फुटांचा फरक पडतो, बोटी तरंगत्या धक्क्याला लावलेल्या असतात, आणि वरून त्या धक्क्यावर उतरायला जो लोखंडी रॅम्प असतो तो भरतीला जवळपास सपाट आणि ओहोटीला चांगलाच उभा, त्यात पाऊस असला तर निसरडा. तुमच्या तारखेचं भरतीचं वेळापत्रक नेटवर मिळतं, दुपारी दोन आणि साडेतीन अशा दोन ट्रिपा असल्या तर ज्या वेळेला पाणी वर असेल ती घ्या. जुलैत उजेड रात्री साडेनऊपर्यंत असतो, अंधाराची काळजी नाही, फक्त परतायची वेळ आधी तपासा. बुक करताना गुडघ्याचं सांगून ठेवा, बोटीत चढताना हात देतात.

बोट लागण्याचं फार मनावर घेऊ नका. हा उघडा समुद्र नाही, डग्लस, अ‍ॅडमिरल्टी, शेल्टर अशी बेटं आजूबाजूला, त्यामुळे बरेचदा पाणी एखाद्या तलावासारखं असतं. तरी गोळी निघायच्या तासभर आधी घ्या (बीपीचं काही चालू असेल तर डॉक्टरांना विचारून), बसायला मधली जागा, आणि दुर्बीण डोळ्याला लावून फार वेळ बसू नका, निम्म्या लोकांना तिनेच मळमळतं. आलेपाक जवळ ठेवा, झालं. जहाजावरची फळं-सँडविचेस पर्समध्ये टाकून किनाऱ्यावर नेऊ नका, मनाई असते, बंद पाकिटातली बिस्किटं चालतात.

बऱ्याच कंपन्या देवमासे आणि मेंडेनहॉल हिमनदी असं एकत्र विकतात. हिमनदी ऑक बेच्या जवळच आहे आणि तुमच्याकडे वेळ आहे, तेव्हा मिळालं तर घ्या, पण तिथे बस न्यायचे परवाने मोजके असतात म्हणून ती तिकिटं लवकर संपतात. तिथे धबधब्यापर्यंत जायचा हट्ट करू नका, जाऊन-येऊन तीनेक किलोमीटर होतात, फोटो पॉइंटपर्यंत छोटी पक्की वाट आहे, काकांना तेवढी पुरे.

आणि बोटीवर गेल्यावर काय बघायचं ते नातीला आधी सांगून ठेवा म्हणजे ती कंटाळणार नाही. आधी फवारा, मग काळी पाठ, असं तीन-चारदा, आणि मग पाठ एकदम उंच वाकवून शेपटी पाण्याबाहेर आली की समजायचं आता खोल गेला, पाच-दहा मिनिटं नाही दिसणार, तेवढ्यात आत जाऊन चहा घ्या. तो गेला त्या जागी पाण्यावर गुळगुळीत गोल डाग उरतो, तेल सांडल्यासारखा, तो दाखवा तिला. शेपटीच्या खालची काळी-पांढरी नक्षी प्रत्येकाची वेगळी असते आणि बोटीवरचा गाइड त्यावरून देवमाशाला नावाने ओळखतो, मुलांना हे फार आवडतं. वारा त्याच्याकडून तुमच्याकडे येत असेल तर फवाऱ्याचा वासही येईल, कुजक्या मासळीचा, तयारी ठेवा. कपडे थरावर थर, वरून रेनकोट, कानटोपी. जुलै असला तरी बोटीवर स्वेटर लागतोच, छत्री मात्र नको.

हो, आणि तुमच्या मुलाला विचारा व्हिसाचं. सिएटलहून सुटणाऱ्या क्रूझ बहुतेक कॅनडात व्हिक्टोरियाला थांबतात, भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसाही लागतो, आणि अमेरिकेचा मल्टिपल एंट्री हवा. हे बोटीच्या आधी.

प्रश्न : मी व्हँकुव्हरला शिकतो, सप्टेंबरच्या सुरुवातीला स्वस्तात क्रूझ मिळालीये. जूनो आणि आइसी स्ट्रेट पॉइंट दोन्हीकडे थांबते पण पैसे एकाच टूरचे आहेत. कॅमेरा आहे, १००-४०० लेन्स आहे, देवमाशाची उडी मिळाली पाहिजे. कुठे घेऊ? – एक वाचक, मूळ सांगली

उत्तर : अरे मित्रा, आइसी स्ट्रेट पॉइंट, डोळे मिटून. हूना नावाच्या गावाशेजारचं पोर्ट आहे ते, तिथल्या ट्लिंगिट या मूळनिवासी लोकांच्या हूना टोटेम कॉर्पोरेशनच्या मालकीचं. हूना ज्या चिचागोफ बेटावर आहे त्याच्याच उत्तर टोकाला पॉइंट अ‍ॅडॉल्फस आहे, प्रवाह एकमेकांत मिसळतात तिथे खाणं वर येतं आणि देवमासे तिथेच ठाण मांडून असतात. जूनोत तासभर बसमध्ये जातो तो इथे जवळपास वाचतो, धक्क्यावरून उतरून लगेच बोट. तू एकटा आहेस, तुला टॉयलेटची फिकीर नाही, तेव्हा वर काकूंना नको म्हटलं ती सहा जणांची बोट तू घे, कॅमेरा पाण्याच्या जवळ येतो आणि शेपटीचा फोटो वरून खाली न येता समोरून येतो. एकट्याला सीट विकतात का ते विचार, काही जण अख्खी बोटच भाड्याने देतात.

उडीचं मात्र कोणाच्या हातात नाही. शटर हजाराच्या वर ठेव, बर्स्टवर ठेव, म्हणजे धडाधड फोटो निघतील, आणि एकदा उडी मारली तर बऱ्याचदा परत मारतो, म्हणून पहिली डोळ्याने बघ. त्यापेक्षा नशीब लागलं तर बुडबुड्यांचं जाळं बघायला मिळेल, म्हणजे आठ-दहा देवमासे मिळून खालून बुडबुड्यांचं गोल कडं करून हेरिंगला कोंडतात आणि सगळे एकदम तोंड वासून वर येतात. कुठून येणार ते सीगल पक्षी आधी सांगतात, ते जिथे ओरडत गोळा होतात तिथे लेन्स धर. पाण्यात मायक्रोफोन सोडणारी बोट असेल तर वर यायच्या आधीचा त्यांचा आवाजही ऐकू येतो.

आणि कॅप्टनला 'अजून जवळ घ्या' म्हणू नकोस. अलास्कात हंपबॅकपासून १०० यार्ड, म्हणजे नव्वदेक मीटर लांब राहायचा कायदा आहे, २००१ पासून. तो स्वतः जवळ आला तर गोष्ट वेगळी, इंजिन न्यूट्रलला टाकून बोट उभी राहते. 'व्हेल सेन्स' या, देवमाशांना त्रास न देता ते दाखवायच्या उपक्रमात नाव असलेल्या कंपन्या हे नीट पाळतात, बुक करताना ते बघ.

प्रश्न : मुंबई-गोवा क्रूझने जातोय. गोव्यात उतरल्यावर देवमासे दाखवणारी बोट मिळते का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही, कोणी तसं म्हणालं तर पैसे देऊ नका. अरबी समुद्रात देवमासे आहेत, हंपबॅकसुद्धा, आणि इथले हंपबॅक जगातल्या बाकीच्यांसारखे थंड पाण्यात जात नाहीत, बारा महिने इथेच असतात. पण ते फार थोडे उरलेत, आणि ओमानजवळ टॅग लावलेली एक मादी २०१७ च्या शेवटी समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत आली तर त्याची बातमी झाली होती. आपल्याकडे लोकांना देवमासा दिसतो तो बहुतेक किनाऱ्याला लागलेला, गणपतीपुळ्याला २०२३ च्या नोव्हेंबरात पिल्लू लागलं होतं तसा. दोन तासांच्या टूरमध्ये दाखवता येईल असं इथे काही नाही. बघायचेच असतील तर श्रीलंकेत मिरिस्सा, नोव्हेंबर ते एप्रिल, तिथे ब्लू व्हेल दिसतात, पण बोटी पहाटेच सुटतात, म्हणून वेगळी ट्रिप काढा.

गोव्यात डॉल्फिन दिसतात. क्रूझ मुरगावला लागते आणि डॉल्फिनच्या बोटी जास्त करून सिकेरी, कोको बीचकडे, म्हणजे टॅक्सीने तासाच्या वरच. सकाळी लवकर पोचत असाल तरच जा, दुपारी वारा वाढतो. लाइफ जॅकेट घालायला लावणारा बोटवाला बघा, आणि डॉल्फिनच्या मागे बोट पळवणार नाही ना, हे पैसे द्यायच्या आधी विचारा, चार बोटींनी घेरलं की ते बुडी मारून भलतीकडेच निघून जातात.