बॉर्डर कॉली की ऑस्ट्रेलियन शेफर्ड?

प्रश्न : आम्ही चौघं आहोत, मुलं सहा आणि नऊ वर्षांची. रोज सकाळी पळायला जातो, सुट्टीला डोंगरात भटकतो. बॉर्डर कॉली आणि ऑस्ट्रेलियन शेफर्ड यांच्यात मन अडकलंय. आमच्या घरात कोण रमेल? पिल्लू घेताना काय पाहावं?

उत्तर : पळण्यात दोघंही तुम्हाला पुरून उरतील, तेव्हा निवड त्यावर करू नका. दोन्ही जाती मेंढ्या हाकणाऱ्या, पण हाकण्याची रीत वेगळी आणि तीच रीत तुमच्या दिवाणखान्यात दिसणार आहे.

बॉर्डर कॉली नजरेने काम करते. मान खाली, अंग जमिनीलगत, एक पंजा उचललेला. मेंढी हलली की झेप. घरात मेंढ्या नसतात, मग ती नजर सायकलच्या चाकावर, पळणाऱ्या मुलावर, भिंतीवरच्या कवडशावर खिळते. (म्हणून लेझरच्या ठिपक्याशी तिला कधीही खेळवू नका. उजेड-सावलीमागे धावण्याचं वेड लागलं की सुटता सुटत नाही.) आवाजालाही ती हळवी असते.

ऑस्ट्रेलियन शेफर्ड, जो नाव काहीही असलं तरी अमेरिकेत घडला, अंगाने काम करतो. ताठ उभा राहतो, भुंकतो, धक्का देतो, टाचेला दात लावतो. कॉली साधारण 14 ते 20 किलोची, तर याचा नर 25 ते 32 किलोचा. त्याच्या धक्क्याने सहा वर्षांचं मूल सहज पडेल. परक्यांशी तो जरा राखून वागतो. पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्यावर घरी येतं आणि माणसं, आवाज, वाहनं यांची ओळख पक्की व्हायचा काळ चौदाव्या आठवड्याच्या सुमारास सरतो. म्हणजे परक्यांची सवय लावायला तुमच्या हातात जेमतेम सहा आठवडे असतात.

तरीही आमचा कौल तुमच्यासाठी ऑस्ट्रेलियन शेफर्डला. मुलांच्या दंग्यात तो सहसा लवकर सावरतो, आणि टाच धरायची खोड उघड दिसते, त्यामुळे मोडता येते : मुलांनी जागीच थांबायचं, मोठ्यांनी ओढाओढीचं खेळणं तोंडात द्यायचं. ओरडत पळालं की तो आणखी चेकाळतो. घरातलं एखादं मोठं माणूस रोज ॲजिलिटी (अडथळ्यांवरून धावण्याचा खेळ) किंवा वासाने शोधण्याचं काम शिकवणार असेल, तर मात्र कॉलीसारखी सोबत नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती ‘पळवून दमवू’ या विचारात. त्याने दम वाढतो, शांतपणा येत नाही. तासभर चेंडू फेकला की कुत्रा उलट पेटतो, आणि गर्रकन वळण्याने सांधे दुखावतात. शिकवायचं ते स्वस्थ बसणं. एक चटई अंथरा. पिल्लू तिच्यावर आडवं झालं की खाऊचा तुकडा पुढच्या दोन पंजांच्या मध्ये ठेवा. हात वर धरून दिलात तर ते उठून उभं राहील. आधी 5 सेकंद, मग 30, मग 2 मिनिटं. वेळ पक्की झाल्यावरच मुलांना शेजारून चालू द्या, नंतर पळू द्या. वेळ आणि गडबड एकदम वाढवली की सगळं फिसकटतं. पिल्लाला दिवसात 16 ते 18 तास झोप लागते. चावरेपणा वाढला की आधी झोप मोजा. तुमच्याबरोबर लांब पळणं आणि उंच उड्या दीड वर्षानंतरच, कारण तोवर हाडांची टोकं पूर्ण जुळलेली नसतात.

पिल्लू घेताना आईबापांच्या खुब्याच्या एक्स-रेचे आणि डोळ्यांच्या तपासणीचे कागद मागा. रंगाला भुलू नका. आईबाप दोघंही मर्ल, म्हणजे फिक्या अंगावर गडद ठिपक्यांचे असतील, तर तिथून पिल्लू घेऊच नका. अशा जोडीच्या दर चार पिल्लांत सरासरी एकाला मर्ल जनुक दोन्हीकडून मिळतं, आणि ते बहिरं किंवा आंधळं होण्याचा धोका मोठा असतो.

ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्ये एमडीआर-1 या जनुकातला दोष बराच आढळतो, बॉर्डर कॉलीत क्वचित. तो असेल तर आयव्हरमेक्टिनचा खरजेसाठी दिला जाणारा मोठा डोस मेंदूपर्यंत पोहोचतो आणि जिवावर बेततो. गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर ही तपासणी होते. ती पिल्लू घरी आल्यावर पहिल्याच महिन्यात करून निकाल व्हेटच्या फायलीत लावा, आणि तोपर्यंत कुठलंही जंताचं किंवा गोचिडांचं औषध स्वतःच्या मनाने देऊ नका.